भागाकार उत्तम येतो

आमच्या शाळेतली ती संगणकाची खोली आठवली की मला अजूनही स्वतःची शिसारी येते.

गेवराई तालुक्यातल्या एका गावी मी तेव्हा आठवीला गणित शिकवायचो. गावात एसटीडीचा पिवळा डबा आला, केबल आली आणि शाळेत एक संगणक आला. त्याला हळदकुंकू लागलं, झाकायला खोळ शिवली गेली आणि चपला बाहेर काढल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम निघाला. वापरता मात्र कुणालाच येत नव्हता. सुट्टीत बीडला क्लास करून आलेला मी एकटा, त्यामुळे फुकटात शहाणा ठरलो.

मी प्रत्येक मुलाचं एक फोल्डर केलं. आपले निबंध, सोडवलेली गणितं त्यात टाइप करून ठेवायची आणि महिनाअखेरीला आपल्याला काय येतं, काय येत नाही, हे आपणच लिहायचं. "खरं लिहा, कुणी रागावणार नाही," असा शब्द मी दिला. शब्द द्यायला माझं काय जात होतं!

फळगाडीवाल्याची एक मुलगी मागच्या बाकावर बसायची. वर्गात कधी तोंड उघडायची नाही. एका बोटानं अक्षरं शोधत, अर्धा तास घालवून तिनं लिहिलं, "मला भागाकार येत नाही. पाचवीपासून येत नाही. मी शेजारच्या मुलीचं बघून लिहिते." वाचून मी हरखलो. इतक्या वर्षांत एकाही मास्तरला जे कळलं नव्हतं, ते तिनं आपणहून सांगितलं होतं. उद्यापासून मधल्या सुट्टीत बसू, म्हणालो. ती चक्क हसली.

त्याच दिवशी तपासणीचं पत्र आलं. तपासणीआधी मुलांच्या वह्या 'पूर्ण' करायची आमची जुनी खोड. कोरी पानं मास्तरांनीच भरायची आणि लाल शाईनं सह्या ठोकायच्या. हेडमास्तरांनी फोल्डरं पाहून कपाळाला हात लावला.

"कावून ही अवदसा आठवली तुमाला? साहेबानं वाचलं तर काय इज्जत राहील? समदं पुरं करून टाका."

मी केलं. कुणी माझा हात धरून लिहून घेतलं नाही. दोन दिवस बसून प्रत्येक फोल्डरात गोडगोड वाक्यं कोंबली. तिच्या फोल्डरात लिहिलं, "मला भागाकार उत्तम येतो." मधल्या सुट्टीत बसायचं त्या गडबडीत राहूनच गेलं.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी नेमकं तिचंच फोल्डर उघडलं. खूश होऊन तिला फळ्यापाशी बोलावलं, भागाकार घातला. खडू हातात धरून ती नुसती उभी राहिली.

"लिहितेस एक आणि येतं एक? खोटं लिहायला कुणी शिकवलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

"चुकलं, साहेब," ती म्हणाली.

साहेब चांगला शेरा मारून गेले. हेडमास्तरांनी पेढे वाटले आणि मी निर्लज्जासारखा दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला हाक मारली. चल, भागाकार घेऊ, म्हणालो.

"येतो की मला, सर," ती शांतपणे म्हणाली. "तुमीच लिवलंय ना."