ब्रेक दाबला की फ्यूज जायचा

दोन हजार बावीस साल. मला सदुसष्ट पुरी झाली होती. माझ्या पिकअपचा ब्रेक दाबला की फट्कन फ्यूज जायचा. मागचे ब्रेकलाइट बंद, हॉर्नही त्याच फ्यूजवर, तोही बंद. अशी गाडी मासळी भरून रस्त्यावर काढणार कशी?

दोन वायरमन येऊन फ्यूजचा डबा पुसून गेले. शेजारी म्हणाला, "जाड तार घाला, काका." म्हटलं, "मग फ्यूज ऱ्हाईल, गाडी जळेल."

शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, उद्या सकाळी गिऱ्हाईक येतंय. इकून टाकू. तुमी पन आता घरी बसा."

घरी बसा! तीस वर्षं रेवदंड्याच्या बंदरावरची मासळी मी अलिबागला पोचवतोय. म्हटलं, "आज दिवसभरात फॉल्ट काढतो. न्हाय निघाला तर चावी तुझ्या हातात."

चौथीत शाळा सोडली मी, पण करंट कुठून येतो नि कुठं जातो हे मला कुणी शिकवायला नको. फ्यूज काढला आणि त्याच्या जागी हेडलाइटचा जुना बल्ब दोन तारांनी जोडला. मागच्या दिव्यांतले बल्ब काढून ठेवले. आता बल्ब पेटला तर वायर कुठंतरी पत्र्याला लागलीय, एवढा सरळ हिशेब. बायकोला केबिनमध्ये बसवलं.

"दाब ब्रेक!"

बल्ब लख्ख पेटला! मला तर नाचावंसं वाटलं. चोर घरातच होता. मी गाडीखाली शिरलो आणि पुढून मागं वायर हलवत सरकू लागलो.

"हाय का पेटलेला?"

"हाय! अवो, पाय भरून आला माझा."

"सोडू नको!"

"लग्नात सात पावलं चालले तवाच कळायला पायजे होतं मला."

हलवत हलवत पार मागच्या पत्र्यापाशी आलो. तिथं पत्र्यातून एक स्क्रू आत आला होता, थेट वायरीत घुसलेला. खालूनच हात बाहेर काढून, चाचपडत तो फिरवून काढला.

"इझला! अवो, इझला!" ती आतून ओरडली.

बाहेर येऊन पाहिलं, तर तो घोड्याच्या नालेचा स्क्रू. गाडीला कुणाची नजर लागू नये म्हणून पंधरा दिवसांपूर्वी ती नाल मीच बसवली होती. नाल पडू नये म्हणून स्क्रूही निवडून लांब घेतला होता.

बायको पदर तोंडाला लावून हसत सुटली. "म्हंजे नजर तुमचीच लागली!"

"पोराला सांगशील तर बघ."

वायर जोडून टेप गुंडाळली, नवा फ्यूज घातला. वीस वेळा ब्रेक दाबला, वीस वेळा हॉर्न दिला. गल्लीतली कुत्री भुंकून दमली, फ्यूज जागचा हलला नाही. नाल मात्र मी परत बसवलीच, आखूड स्क्रूने.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत मी गाडी काढली, बंदरावर जाऊन बर्फातल्या सुरमईचे टब भरले आणि अलिबागच्या रस्त्याला लागलो.