जाऊबाईंचा कोपऱ्याचा प्लॉट

जावा जावा, उभा दावा, असं म्हणतात. आमच्यात तसं भांडण कधी झालं नाही. जे काय होतं ते माझ्या पोटात होतं आणि अजून आहे. भिलाईला वैशाली नगरात दोघा भावांनी मिळून एक जमीन घेतली, मधून भिंत घातली, आणि कोपऱ्याचा तुकडा मोठ्याला गेला. मोठे म्हणजे माझे भासरे, ह्यांचे थोरले भाऊ. मोठ्याचा मान मोठ्याला, त्यात बोलायचं काय? फक्त त्या रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं.

त्याआधी सगळी हयात कारखान्याच्या क्वार्टरात गेली. आमचे हे रोलिंग मिलमध्ये, भासरे ऑफिसात. टाऊनशिपमध्ये माणसाची किंमत विचारावी लागत नाही, क्वार्टर कोणत्या टाइपचं एवढं विचारलं की भागतं. जाऊबाईंचं आमच्यापेक्षा एक टाइप वरचं. त्यांच्याकडे एक खोली जास्त होती, आणि गोंदियाकडे गावी गेलो की सासरच्या बायका पहिला पाट त्यांना देत. त्या स्वभावानं गरीब, कधी तोरा दाखवला नाही. दाखवला असता तर बरं झालं असतं, मला चार शब्द बोलता तरी आले असते.

क्वार्टरची एक सवय मात्र लहान-मोठ्या सगळ्यांना सारखीच लागते. भिंत कंपनीची, छत कंपनीचं, दारासमोरची मातीसुद्धा कंपनीची. नळ गळला की मेंटेनन्सला कळवायचं. खिळा ठोकायचा तरी मनात धाकधूक. म्हणून क्वार्टरवाला माणूस रिटायर होऊन स्वतःचं घर बांधतो ना, तेव्हा उपाशी माणूस पंगतीला बसावा तसा बांधतो. जेवढी जमीन तेवढं छप्पर. मोकळं काही ठेवायचं म्हटलं की त्याचा जीव तुटतो, कारण मोकळी जागा म्हणजे आपली नसलेली जागा, हेच त्याच्या डोक्यात बसलेलं असतं.

नकाशे काढणारा इंजिनिअर घरी आला तेव्हा त्याच्याजवळ भूमी विकास नियमांचं पुस्तक होतं, हिंदीतलं. हे आणि भासरे नकाशावर वाकले, जाऊबाई पोहे करायला गेल्या, आणि मी ते पुस्तक उघडून बसले. सुरुवातीची पानंच्या पानं नुसते शब्दांचे अर्थ. आपण रोज बोलतो तेच शब्द, पण तिथे प्रत्येकाला मोजूनमापून बसवलेलं. छज्जा वेगळा आणि बाल्कनी वेगळी. जिच्यावर माणसानं उभं राहायचं ती बाल्कनी. पोर्च म्हणजे दारापर्यंत येण्यासाठी खांबांवर उभं केलेलं छप्पर, त्याच्या बाजू उघड्या पाहिजेत. राहण्याची खोली तिलाच म्हणायचं जिथे माणूस राहतो, झोपतो; न्हाणीघर, कोठीघर त्यात येत नाही. आणि खुली जागा म्हणजे जिच्या वर आभाळ सोडून दुसरं काही नाही. हे वाचून मला हसू आलं. सरकारला आभाळाचीही व्याख्येत गरज पडते, म्हटलं.

मग आला कोपऱ्याचा भूखंड. मी बोट ठेवून वाचलं. इंजिनिअरला विचारलं तर त्यानं पेन्सिल कानावरून काढून समजावून दिलं, की ज्या प्लॉटला दोन रस्ते लागतात त्याला दोन दर्शनी बाजू. आपल्यासारख्याला रस्त्याकडे एकाच बाजूनं जागा सोडावी लागते, कोपऱ्यावाल्याला दोन्हीकडे. असं म्हणून त्यानं भासऱ्यांच्या नकाशावर एक आडवी रेघ ओढली. जाऊबाईंच्या मनातली मोठी जेवणाची खोली, जिच्यासाठी त्यांनी सहा खुर्च्यांचं टेबलही बघून ठेवलं होतं, ती रेघेच्या बाहेर गेली.

मी पोह्यांच्या बश्या आणायला उठले. स्वयंपाकघरात जाऊबाई कोथिंबीर चिरून राहिल्या होत्या. त्यांना बाहेर काय झालं ते ठाऊक नव्हतं, आणि मला इतका आनंद झाला होता की मी त्यांना विळीवरून उठवून स्वतःच चिरायला बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त काही येणार होतं.

भासरे ऑफिसचे माणूस. नियम म्हणजे नियम. त्यांनी दोन्ही रस्त्यांकडची जागा सोडली, सोडूनच घर बांधलं. आमच्या नकाशातही समोर मोकळी जागा होती, पोर्च होता. नकाशा मंजूर झाला आणि आम्ही पोर्च थेट रस्त्यापर्यंत वाढवून त्याच्या उघड्या बाजू भिंत आणि ग्रिलनं बंद केल्या. मागचंही झाकून घेतलं. गल्लीत सगळेच करतात, कोण विचारतं? पोर्चच्या खाली ह्यांनी पाण्याची टाकी बांधली, वर चकचकीत टाइल्स. घरात एक मोठी जेवणाची खोली काढली आणि सहा खुर्च्यांचं टेबल आणलं. हो, तेच टेबल. वास्तूच्या दिवशी जाऊबाई त्यावर हात फिरवून म्हणाल्या, छान दिसतं. मी म्हटलं, तुमचीच निवड.

दोनेक वर्षं मी सुखात होते. मग त्या सोडलेल्या जागेनं माझ्यावर सूड उगवला.

जाऊबाईंनी तिथे माती टाकून घेतली. एका कडेला मुनगा, म्हणजे शेवगा, लावला, जास्वंद लावली, लाल भाजीचे वाफे केले. दोन खुर्च्या आणि एक बाज पडली. संध्याकाळी गल्लीतल्या बायका तिथे बसायला लागल्या. भाजी निवडायची तरी तिथे, गप्पा मारायच्या तरी तिथे. माझ्या टेबलाच्या सहा खुर्च्यांवर इस्त्रीचे कपडे पडून असत. हे सकाळचा चहा हातात घेऊन रस्त्यावरून, कोपऱ्याच्या गेटातून तिकडे जायला लागले. विचारलं तर म्हणायचे, जरा मोकळी हवा. चाळीस वर्षं भट्टीची धग खाल्लेला माणूस, हवेसाठी त्याला भावाच्या दारी जावं लागावं? आणि ती भिंत मीच उंच करायला लावलेली.

आमची एकुलती एक मुलगी. तीसुद्धा अभ्यासाला तिकडेच. जाऊबाईंना दोन्ही मुलगेच, दोघेही नोकरीसाठी बाहेर. मुलगी त्यांना मोठी आई म्हणते. आमच्याकडे काकूला तसंच म्हणतात. पण मोठी आई, मोठी आई, असं दिवसातून इतक्यांदा भिंतीपलीकडून कानावर यायचं की वाटायचं, मग मी कोण, धाकटी का?

तिचं लग्न ठरलं. मुलगा रायपूरचा, आपल्यातलाच. कार्य हॉलमध्ये, पण मांडव दारात पडला पाहिजे यावर मी अडून बसले. आमच्याकडे मुलीच्या मांडवाची मेढ घराच्या दारी मातीत रोवतात. तिला हळद-कुंकू वाहतात, वर आंब्या-जांभळाच्या डहाळ्या चढवतात, आणि मुलगी लग्न होऊन परत येईपर्यंत तो मांडव काढत नाहीत. मुलगी जाते ती त्या मांडवातून, आणि पहिल्यांदा येते ती त्याच मांडवात.

ह्यांनी समोर पाहिलं, खाली पाहिलं, आणि डोकं खाजवलं. दारात माती होतीच कुठे?

मी म्हटलं, टाइल्स फोडा. तर टाइल्सखाली टाकी. मागे खोदा म्हटलं, तर मागे शेड, आणि मागच्या दारी मुलीचा मांडव घालतं का कोणी? हे म्हणाले, आजकाल फ्लॅटवाले तेलाच्या डब्यात वाळू भरून मेढ उभी करतात. माझं डोकं फिरलं. माझ्या पोरीची मेढ तेलाच्या डब्यात? दोन दिवस मी भांडी आपटत राहिले. घर एवढं मोठं बांधलं, आणि एक काठी रोवायला वीतभर जागा नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिसऱ्या दिवशी मुलगी हसत आली. "आई, टेंशन मत लो. मोठी आईला विचारलं मी. त्यांच्या अंगणात घालू मांडव. त्यांनी जास्वंद काढून जागापण केली."

मला विचारायच्या आधी मोठ्या आईला विचारलं. मी हातातलं लाटणं ठेवलं. पोरीला काही कळलं नाही. तिच्या लेखी अंगण म्हणजे अंगण, मग ते कोणाच्याही नावावर असो.

जाऊबाईंकडे गेले तर खरंच जास्वंद उपटून ठेवली होती, फुलांसकट. एवढी वाढवलेली. मी म्हटलं, बाई, तुमी कावून काढली, डब्यात केलं असतं आम्ही. त्या म्हणाल्या, "पोरगी काय तुझी एकटीची हाय?"

प्रेमानं म्हणाल्या, मला माहीत आहे. पण तो शब्द मला असा झोंबला की बस. एकटीचीच आहे, असं ओठांवर आलं होतं.

मांडव छान झाला. मेढीची पूजा आम्हा नवरा-बायकोच्या हातून त्यांनी आग्रह करून करवली, स्वतः बाजूला उभ्या राहिल्या. हळदीला सगळी गल्ली त्या जागेत मावली. फोटोत मागे त्यांचा मुनगा, त्यांची भिंत, त्यांचं गेट. पाहुणे विचारत, घर कोणतं? मी भिंतीपलीकडे हात करी. पाठवणीच्या वेळी मुलगी आधी माझ्याच गळ्यात पडली, हे मी मुद्दाम लक्षात ठेवलं आहे.

मग मांडवपरतणीचा दिवस आला. मुलगी नवऱ्यासोबत पहिल्यांदा माहेरी येणार. मी सकाळपासून पुरणात. दारात रांगोळी काढली, म्हणजे टाइल्सवरच. भाकरतुकडा, पाण्याचा तांब्या, ओवाळायचं ताट, सगळं घेऊन दारात उभी राहिले. गाडी गल्लीत वळली. मला पुढच्या काचेतून तिची हिरवी साडी दिसली.

गाडी कोपऱ्यावर थांबली.

तिचं काही चुकलं नाही. मुलीनं मांडवात परतायचं असतं आणि मांडव तिथे होता, सुकलेल्या डहाळ्यांचा. ती उतरली, जावयाला घेऊन थेट मेढीपाशी गेली आणि वाकून नमस्कार केला. जाऊबाई वाळत घातलेले कपडे काढून राहिल्या होत्या. त्यांच्या हातात ताट नव्हतं, काही तयारी नव्हती. त्या तशाच, खांद्यावर टॉवेल टाकून धावल्या, आणि माझी मुलगी त्यांच्या मिठीत गेली.

मी माझ्या दारात ताट घेऊन उभी. निरांजन वाऱ्यानं विझलं होतं.

शेवटी मीच निघाले. ताट सांभाळत रस्त्यावर उतरले, कोपऱ्यापर्यंत गेले, आणि पोटच्या पोरीला ओवाळायला दुसऱ्याच्या घराचं गेट उघडलं. जाऊबाईंनी मला पाहिलं आणि जशा रोज कोणाही बाईला म्हणतात तशाच म्हणाल्या, "ये वो, आत ये. पाय कावून अडले तुझे? आपली पोरगी आली."

त्यांनीच काडी ओढून निरांजन लावून दिलं. मी दोघांना ओवाळलं, भाकरतुकडा उतरवून टाकला. मुलगी म्हणाली, आई, तू रडते आहेस. मी म्हटलं, धूर गेला डोळ्यात. मग ती मोठ्या आईला सासरच्या गोष्टी सांगायला लागली, आणि जाऊबाई चहा घेऊन आल्या. मी बाजेच्या कडेला बसून तो घेतला. पुरण गार होत होतं. पण तिला घरी चल म्हणायची मला हिंमत झाली नाही. ती घरी आलेलीच होती.