परत मागितलेली पुडी

पुसेगावच्या ग्यानबाला कुणी तब्येत विचारली की तो स्वतःबद्दल कमी आणि गोळीबद्दलच जास्त बोलतो. "तिचे लई उपकार हायेत माझ्यावर," असं म्हणत भिंतीतल्या कोनाड्याकडं हात करतो. या कोनाड्यात देव नाहीत, ते शेजारच्या कोनाड्यात सरकून बसलेत. इथं घट्ट झाकणाचा एक डबा आहे, हातमोज्यांचं खोकं आहे आणि वर खिळ्याला कॅलेंडर आहे. त्यावर त्याची बायको शालूबाई रोज एक फुली मारते.

दोन वर्षांपूर्वी ग्यानबाचं डावं पोट कडक झालं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, सदरे ढगळ व्हायला लागले आणि हळदीच्या शेतात अर्धी ओळ खुरपली की तो धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसायचा. हिंगोलीत रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी दोन लाख चाळीस हजार. तिथून नांदेड. तिथल्या डॉक्टरांनी घोळवून न सांगता सांगितलं, की हा रक्ताचा कॅन्सरच आहे, पण सावकाश चालणारा, आणि याच्यावरची केमो तोंडानं घ्यायची आहे. औषध नीट घेतलं तर हळदीचे पुष्कळ हंगाम बघाल.

नीट म्हणजे कसं, ते साक्षी सिस्टरनं समजावलं. ती औंढ्याकडची, म्हणजे यांच्याच जिल्ह्यातली, त्यामुळं शालूबाईचं तिच्याशी पटकन जुळलं. कॅप्सूल अख्खी गिळायची, फोडायची नाही, कुटायची नाही. पाणी भरपूर प्यायचं. काढून देणाऱ्यानं हातमोजे घालायचे. सांगितलेल्या तारखेला रक्त तपासायचंच, कारण औषध जास्त झालं तर चांगल्या पेशीही कमी होतात. ताप आला तर काढा करत बसायचं नाही, फोन करायचा. दर रविवारी उरलेल्या गोळ्या मोजायच्या. घरात सून आरोही आहे, तिला अजून मूलबाळ व्हायचंय, तर तिनं डब्याला हातसुद्धा लावायचा नाही.

"आणि काका, हे औषध फक्त तुमचं," ती शेवटी म्हणाली. ग्यानबानं मान हलवली. मान हलवण्यात तो पहिल्यापासून पटाईत.

गोळीनं गुण दिला. मध्ये एकदा पेशी फारच खाली आल्या, तेव्हा सिस्टरनं फोनवरून दहा दिवस बंद ठेवायला लावली आणि डॉक्टरांना विचारून पुन्हा कमी करून चालू केली. हळूहळू पोट मऊ पडलं, भाकरी गोड लागायला लागली. या साली हळद शिजवायला ग्यानबा स्वतः उभा राहिला, आणि वाफेत डोळे पुसताना लोकांना सांगत होता की धूर लागून राहिला. धूरबीर काही नव्हता. माणूस जिवंत राहिल्याच्या आनंदानं रडत होता आणि कबूल करायला लाजत होता.

आता ग्यानबाच्या घराण्याची एक गोष्ट सांगायला हवी. आजोबांपासून त्यांच्याकडं काविळीचं औषध देतात. झाडपाला दिवस उगवायच्या आत, न बोलता तोडायचा. त्याला लोखंड लागू द्यायचं नाही. पोटुशी बाई जवळ आली, तिची सावली पडली, तर औषधाचा गुण जातो. पैसा घ्यायचा नाही, आणि मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. तीन पिढ्यांत त्या दारातून कुणी रिकाम्या हातानं गेलेलं नाही, याचा ग्यानबाला भारी अभिमान. त्यामुळं सिस्टरनं सांगितलेलं त्यानं आपल्या मापानं घेतलं. सुनेनं हात लावायचा नाही, फोडायची नाही, मोजे घालायचे, म्हणजे हे सगळं गोळीचं सोवळं, तिचा गुण टिकावा म्हणून. पाळायला तर त्यानं सगळं पाळलं, पण भलत्याच कारणासाठी.

आणि मग एका रविवारी सकाळी गोरेगावच्या अलीकडच्या वस्तीवरून देवला आला. जुना दोस्त. हातात कागद.

"दादा, सुनेचा रिपोर्ट हाय. सहावा महिना चालू हाय तिला. पांढऱ्या पेशी वाढल्यात म्हणून लिहिलंय. तुमचाबी हाच रोग व्हता ना?"

ग्यानबानं कागद लांब धरून वाचला. साडेतेरा हजार, आणि पुढं वर तोंड केलेला बाण. त्याचा आकडा लाखांत होता, हा हजारांत, पण बाण तोच. एवढी तरणी पोर, आणि तिला हे. पोटुशीच्या सावलीचा नेम खुद्द औषध घेणारीला नसतो, अशी त्यानं मनाची समजूत घातली. शालूबाई मळ्यात गेलेली. त्यानं डबा उतरवला, उघड्या हातानं आठ कॅप्सूल पाकिटातून दाबून काढल्या आणि बापानं शिकवलेल्या पद्धतीनं कागदाची पुडी बांधली.

"रोज एक, जेवल्यावर. म्या आठ दिस न्हाई घेतल्या तरी चालंल, आता बरा हाय मी."

देवला पाया पडून गेला. ग्यानबाला कितीतरी दिवसांनी आपण कुणाच्या उपयोगी पडलो असं वाटलं.

दुपारी शालूबाईनं मोजे चढवून गोळ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि बाहेर आली.

"आठ कमी हायेत. काहून?"

त्यानं सांगितलं. अगदी कौतुकानं सांगितलं.

"अवं, देवलाची सून प्रतिक्षा पोटुशी हाय. आपल्या आरोहीला मी डब्याला हात लावू देत न्हाई, ते काय उगंच?"

"ते तर गोळीचा गुण जाऊ नये म्हणून."

"गोळीला काय व्हतंय? गोळीनं लेकराला व्हतंय. सिस्टर हेच सांगून राहिली व्हती अर्धा तास. तुमी मान हलवत व्हता."

इतके दिवस ग्यानबा माणसापासून औषधाला जपत होता, आणि जपायचं होतं औषधापासून माणसाला. देवलाचा फोन लागेना. शालूबाईनं नांदेडला लावला. सिस्टरनं आधी रागावून घेतलं नाही, एवढंच विचारलं की किती दिल्या आणि केव्हा.

"लगेच जा. एक जरी घेतली असेल तरी तिला दवाखान्यात न्या आणि मला तिथूनच फोन करा. घेतली नसेल तर कॅप्सूल मोजे घालून पिशवीत भरा, पुडी हाताळणाऱ्यांना साबणानं हात धुवायला लावा. कचऱ्यात टाकू नका, इकडं परत आणा. आणि गरोदरपणात पांढऱ्या पेशी थोड्या वाढतातच, काका. तिचे डॉक्टर रिपोर्ट बघतील. तुम्ही बघू नका."

शेवटचं वाक्य ग्यानबाला चांगलंच लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

त्याच्या मुलानं, दिपकनं, गाडी काढली. वाटेभर ग्यानबा मनात हिशेब करत होता. देवला सकाळी निघाला. घरी पोचून जेवणं झाली असतील. जेवल्यावर घे, हे आपणच सांगितलं. दुपारचे अडीच वाजत होते. पुढची गाडी हळू चालली म्हणून आयुष्यात कुणाला शिवी न दिलेला माणूस त्या दिवशी एका जीपवाल्याला दोन शिव्या देऊन बसला.

देवलाच्या अंगणात खरकटी ताटं घासायला काढलेली दिसली आणि गाडी पुरती थांबायच्या आतच ग्यानबा खाली उतरला.

"प्रतिक्षा कुठं हाय?"

ती आतून पदर सावरत आली. ग्यानबाला बघून तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, औषध घेतलं की नाही हे बघायलाच हे एवढ्या उन्हात आले.

"मामा, रागावू नका," ती खाली बघत म्हणाली. "म्या तुमची गोळी घेतली न्हाई. मामंजी सारखे म्हणून राहिले, ग्यानबादादाच्या हाताला यश हाय, घे. पण दवाखान्याकडून घरोघरी येणाऱ्या आशाताईनं सांगितलंय, विचारल्याबिगर काई घ्यायचं न्हाई. त्या सांजच्याला येणार हायेत. तोवर वर ठिवलीय, फेकली न्हाई. तुमचा अपमान करायचा न्हवता मला."

फळीवरून पुडी आली. दिपकनं मोजे चढवून ती उघडली. आठच्या आठ, एकही फुटलेली नाही. त्यानं त्या पिशवीत भरून गाठ मारली, आणि देवला, प्रतिक्षा आणि ग्यानबा असे तिघंही निमूटपणे मोरीवर साबणानं हात धुवायला गेले. देवलाला काही उमगेना. दिलेलं औषध परत मागायला आलेला ग्यानबा त्यानं कधी पाहिला नव्हता. पाहणार कुठून, त्या घराण्यात असं कधी झालंच नव्हतं.

ग्यानबानं त्याला सगळं सांगितलं. चूक कुणावर ढकलली नाही, वयावर नाही की शिक्षणावर नाही. मला माझ्या गोळीचा लई माज आला, असंच म्हणाला. ग्यानबा मग पोरीकडं वळला आणि पासष्ट वर्षांच्या त्या माणसानं तिच्यापुढं हात जोडले. ती घाबरून मागं सरकली.

"मामा, असं करू नका. म्या काय केलं?"

"तू ऐकलं न्हाईस माय," ग्यानबा म्हणाला. त्यानं डोळे पुसले आणि या खेपेला धुराचं नाव घेतलं नाही. "तू माझं ऐकलं असतंस तर ती गोळी मला परत कधी गिळता आली नसती. आता उद्या सकाळी घेता येईल."