पॅनमन पितांबरचा पासपोर्ट

युगांडाहून रामसिंगचा फोन आला तेव्हा पितांबरनाना पपईच्या बागेत ठिबकची नळी जोडत बसले होते. ऑगस्टातली दुपार होती. आधी नुसती खरखर, मग ओळखीचा आवाज.

"दादा, आमच्या कारखान्यात नवा पॅन बसतोय. नोव्हेंबर लागला की सुरू करायचा. तुम्ही या."

"अरे, मला बासष्टावं चाललंय."

"पॅनला काय ठाऊक तुमचं वय. मॅनेजरशी बोललोय मी. एका हंगामापुरते या, इथल्या पोरांना शिकवा. पासपोर्ट आहे ना?"

"आहे," नाना म्हणाले. ते खोटं नव्हतं. पासपोर्ट होता, पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालीच्या घडीत. चौदा वर्षांपूर्वी ते एक हंगाम केनियाला जाऊन आले होते, तेव्हाचा. संध्याकाळी त्यांनी तो काढून सुनेच्या हातात दिला. जागृतीने पानं उलटून मुदतीची तारीख बघितली.

"नाना, हाऊ ते चार वरीस पहिलेच सरी गया."

पॅनमन म्हणजे काय हे शहादा तालुक्यात फारसं कुणाला समजवावं लागत नाही. उसाचा रस आटवून ज्या मोठ्या बंद भांड्यात साखरेचा दाणा धरतात तो पॅन, आणि त्याच्यापुढे उभा राहून दाणा सांभाळतो तो पॅनमन. पितांबर एकोणिसाव्या वर्षी पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यात पोती उचलायला लागले. पाच वर्षांत पॅनवर चढले आणि साठी होईपर्यंत तिथून उतरले नाहीत. भांड्यातून काढलेला गरम पाक काचेच्या पट्टीवर घ्यायचा, अंगठ्याने पसरायचा, उजेडाकडे धरायचा आणि दाणा बघायचा. बारीक, जाड, एकसारखा की फुटलेला. यंत्रं आली, आकडे दाखवणारे पडदे आले, तरी केमिस्ट मंडळी शेवटी नानांच्या काचेकडे बघायची.

रामसिंग धडगावकडचा पावरा आदिवासी. आयटीआय करून बाविसाव्या वर्षी कारखान्यात आला तेव्हा मराठी बोलायला लाजायचा. जुन्या लोकांनी नानांना बजावलं होतं, कसब असं कुणालाही देऊन टाकू नका, उद्या तोच तुमच्या जागी उभा राहील. नाना म्हणाले, "मग राहू द्या की." त्यांनी त्याला बोलून कमी शिकवलं. काच त्याच्या हातात द्यायची, त्याने बघायचं, दाणा जमला असेल तर मान हलवायची, नसेल तर नाही म्हणायचं. त्याचं चुकलं असेल तर नाना काच परत त्याच्याच हातात द्यायचे. चार हंगामांनंतर ती परत द्यावी लागेना. आता तोच रामसिंग युगांडाच्या कारखान्यात पॅन विभागाचा प्रमुख होता.

नानांच्या पत्नी वत्सलाबाईंना ही परदेशी जायची गोष्ट पहिल्यापासून पटली नव्हती. केनियाच्या हंगामात सासूचं आजारपण त्यांनी एकटीने काढलं होतं आणि सासू गेल्या तेव्हा नाना चार दिवसांनी पोचले होते. दोन दिवस भांडी जरा जास्त वाजली.

जागृतीने मोबाइलवर अर्ज भरायला घेतला. पत्त्याच्या रकान्याशी येऊन ती थांबली. नानांच्या आधारवर अजून कारखान्याच्या वसाहतीतला क्वार्टर नंबर सतरा होता. निवृत्त होऊन ते गोमाई नदीकाठच्या गावच्या घरी राहायला आले त्याला दीड वर्ष झालं होतं.

"नाना, पत्ता कोणता टाकू?"

"कार्डवर शे तोच टाक," नाना म्हणाले. "कागदले कागद जुळाले पाहिजे."

धुळ्याच्या पासपोर्ट केंद्रात त्यांचा नंबर सकाळी साडेअकराला लागला. कागद जुळले, फोटो निघाला, पण बोटांचे ठसे काही उमटेनात. काउंटरवरच्या मुलीने नानांचा उजवा अंगठा तीनदा काचेवर दाबला, ओल्या फडक्याने पुसला, पुन्हा दाबला.

"काका, काय काम करता? रेषाच नाहीत."

"साखर करायचो."

तिला वाटलं ते मिठाईच्या दुकानाबद्दल बोलतायत. नानांनी समजावून सांगितलं, पस्तीस-छत्तीस वर्षं गरम पाक अंगठ्याने पसरवल्याचं. ती जरा वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग तिने थोडं मलम लावलं, सावकाश दाबलं, आणि पाचव्या खेपेला मशीनने ठसा घेतला.

पुढे वाट पाहणं सुरू झालं. जागृती रोज सकाळी चहाबरोबर मोबाइल उघडायची. पोलीस पडताळणी बाकी. आठ दिवस, पंधरा दिवस, तेच. रामसिंगचे मेसेज येत होते: पॅनची पत्र्याची जोडणी झाली, वाफेच्या नळ्या बसल्या. नाना नव्या पॅनचे फोटो मोठे करून बघायचे आणि झडप कुठे बसवली आहे ते जागृतीला दाखवायचे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोबाइलवर वेगळीच ओळ आली. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.

काय झालं ते कळायला वेळ लागला नाही. हवालदार क्वार्टर नंबर सतरावर गेला होता. आता तिथे राहणाऱ्या बाईने खरं तेच सांगितलं होतं: ते केव्हाच सोडून गेले.

नाना त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी गोठा धुतला, तिसऱ्या दिवशी पुन्हा धुतला. रामसिंगला फोन करून म्हणाले, "दुसरा माणूस बघ बाबा. माझं काही जमत नाही."

"मी थांबतो, दादा," रामसिंग म्हणाला. "पॅन मात्र थांबवता येणार नाही. तेवढं माझ्या हातात नाही."

त्या संध्याकाळी वत्सलाबाई भाकरी थापत होत्या. चुलीकडेच बघत म्हणाल्या, "मन पुरं तठे शे, मंग आठे बठीसन काय करशात? सकायले पोलीस ठाणामा जा."

"तुलेच ते नको होतं ना?"

"माले नकोच होतं. पन असं तोंड पाडीसन बठनात ते मी कितला दिन दखू?" त्यांनी भाकरी उलटली. "केनियाले व्हतात त्यावखत निरोप उशीर भेटना. आते फोन शे. रोज करा."

नाना सकाळच्या बसने पोलीस ठाण्यात गेले. मनात बरंच बोलायचं ठरवलं होतं. पण अहवाल देणारा हवालदार टेबलामागे दमलेला दिसला, समोर कागदांचा ढीग होता, आणि नानांच्या तोंडून भलतंच निघालं.

"साहेब, तुमचा अहवाल बरोबर आहे. मी तिथं राहत नाही. चूक माझी झाली."

हवालदाराने मान वर केली. त्याच्याकडे लोक भांडायला यायचे, चूक कबूल करायला क्वचित. त्याने खुर्ची सरकवली आणि एकेक गोष्ट कागदाच्या तुकड्यावर लिहून दिली: आधी आधारवरचा पत्ता बदला, मग मुंबईच्या पासपोर्ट कार्यालयाची वेळ घ्या, तिथे लेखी खुलासा द्या, ते पडताळणी पुन्हा पाठवतील. "माझ्याकडे आली की मी अडकवून ठेवणार नाही, काका. पण माझ्याकडे येईपर्यंत माझ्या हातात काही नाही."

आधारचा पत्ता आठ दिवसांत बदलला. दिवाळीच्या आठवडाभर आधी नाना आणि जागृती नंदुरबारहून रेल्वेने मुंबईला गेले. खुलाशाचा कागद जागृतीने टाइप करून आणला होता, पण नानांनी खाली स्वतःच्या हाताने दोन ओळी वाढवल्या: निवृत्तीनंतर पत्ता बदलायचा राहिला, यात माझ्याशिवाय कोणाची चूक नाही. अधिकारीबाईंनी त्या ओळी वाचल्या, कागदावर शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. एवढंच. नाना बाहेर येऊन जागृतीला म्हणाले, "यानासाठे इतली रात जागलू मी?"

दिवाळी गेली. पाडव्यानंतर चौथ्या दिवशी तोच हवालदार मोटारसायकलवर दारात आला. घर बघितलं, वीजबिल बघितलं. "शेजारच्या दोघांच्या सह्या लागतील. तुम्हाला ओळखणारे."

एका बाजूचे शेजारी घरी होते, त्यांनी सही केली. बाकीची आळी कापूस वेचायला गेलेली. उरला धुडकू. धुडकूशी नानांचं वर्षभर बोलणं नव्हतं. नानांच्या शेताची वाट धुडकूच्या बांधावरून जायची, आणि त्या वाटेवरून दोघांची चांगलीच जुंपली होती. नाना काही बोलायच्या आत वत्सलाबाईंनी धुडकूला हाक मारली.

धुडकू आला. ओट्याखालीच उभा राहिला. हवालदाराने विचारलं, "यांना ओळखता? इथंच राहतात?"

"हाऊ आठेच ऱ्हास, साहेब," धुडकू म्हणाला. "रोज सकायले मन्हा बांधवरथाईन जास. माले ठाऊक नही ते कोले ठाऊक ऱ्हाई?"

हवालदार हसला. नानाही हसले, मग धुडकूलाही हसू आवरेना. सही झाल्यावर वत्सलाबाईंनी सगळ्यांना चहा दिला. धुडकू चहा प्यायला ओट्यावर बसला आणि युगांडात कापूस होतो का, असं विचारू लागला.

तरीही पासपोर्ट वेळेत आला नाही. छपाई झाली असं मोबाइल सांगत होता, पण हातात काही नव्हतं, आणि तिकडे नवा पॅन सुरू करायचा दिवस उजाडला. दुपारी चारला रामसिंगचा व्हिडिओ कॉल आला. तो पॅनपुढे उभा होता, मागे वाफ, आणि पाच-सहा तरुण त्याच्याभोवती.

"दादा, दाणा धरतोय. बघाल?"

त्याने पट्टीवर पाक घेतला, पसरला आणि काच मोबाइलसमोर धरली. चित्र हलत होतं. नानांनी चष्मा वर-खाली केला. जागृतीने मोबाइल भिंतीला टेकवला तेव्हा कुठे दाणे दिसले.

"थोडा थांब," नाना म्हणाले. "आत्ता नको रस सोडू. दोन मिनिटं."

"मलाही तसंच वाटत होतं," रामसिंग म्हणाला आणि थांबला.

तासाभराने पुन्हा काच आली. दाणा एकसारखा, धारदार, स्वच्छ. रामसिंगला काही विचारायची गरज उरली नव्हती. त्याने विचारलं ते पहिल्या दाण्यात गुरूचा हात असावा म्हणून, हे नानांना उमगलं, आणि वाईट वाटायच्या ऐवजी छाती भरून आली.

"तुझं झालंय की रे सगळं. आता मी कशाला हवा?"

"पॅन चालवायला नको, दादा. ही पोरं चुकली की मी ओरडतो. तुम्ही कधी ओरडला नाहीत, काच परत हातात द्यायचात. मला ते जमत नाही. या तुम्ही. तिकीट पुढं ढकललंय."

पासपोर्ट सहाव्या दिवशी आला. पोस्टमनने ओळखपत्र मागितलं तेव्हा नानांनी नवं आधार कार्ड पुढे केलं आणि गावचा पत्ता त्याला मोठ्याने वाचून दाखवला. पोस्टमन म्हणाला, "नाना, मला माहीत आहे तुमचं घर."

कारखान्याने काढलेला व्हिसा मोबाइलवर आला आणि पुढच्या सोमवारी नाना मुंबईचं विमान पकडायला निघाले. नंदुरबार स्टेशनवर सोडायला वत्सलाबाई आणि जागृती होत्या, आणि पिशवी धरायला धुडकूही आला होता. वत्सलाबाईंनी शेंगदाण्याची चटणी दोन पिशव्यांत बांधून दिली होती, एक नानांना आणि एक रामसिंगला.

"पोचनात की फोन करा," त्या म्हणाल्या. "आनि पपईना पानी कोन सोडी ते सांगी जा."

"मी सोडसू," धुडकू म्हणाला. "वाट ते मन्हाच बांधवरथाईन शे."

गाडी आली. नाना चढले, खिडकीशी जागा मिळाली. गाडी हलली तशी त्यांनी फोन काढला आणि रामसिंगला लिहिलं: निघालो.