वाढत्या अंगाचा परकर

मैत्रिणींनो, आजच घडलेले सांगते. शेजारच्या राधाकाकूंच्या यमूच्या मांडीतील दुर्धर गाठ आता अंगभर पसरली आहे आणि इलाज उरलेला नाही, असे ठाण्याच्या डॉक्टरांनी सकाळी सांगितले. परतताना काकू तिला कडेवर घेऊन, तिच्यासाठी परकर शिवायला टाकायला कल्याणच्या बाजारात शिंप्याकडे शिरल्या. मी सोबत होते.

शिंपी सवयीने म्हणाला, “वाढत्या अंगाचा शिवतो, बाई. दोन वर्षं बघायला नको.”

“नको. अंगाबरोबर शिवा,” काकू म्हणाल्या.

यमू हरखली. “म्हणजे पायांत नाही ना येणार? पण आई, पुढच्या वर्षी तोकडा होईल गं!”

“होऊ दे. मग दुसरा शिवू हो.”

काकूंचा आवाज जराही कापला नाही. वाटेत मी यमूला माझ्या कडेवर घेतले. तुम्ही असता, तर काकूंशी काय बोलला असता?