प्रीतमचा क्रँक

दांडीच्या दिनानाथचं मला कौतुक सांगू नका. त्याच्या बोटीच्या जुन्या डिझेल इंजिनाचा क्रँक, म्हणजे फिरणारा मुख्य दांडा, मोडला. ते मॉडेल कधीच बंद झालेलं. बोईसरच्या दुकानांत डुप्लिकेट मिळत होता, पण याला अस्सलच हवा होता.

शेवटी एका भंगारवाल्याकडे तसंच इंजिन दिसलं. कुणाच्या तरी जाळ्यात अडकून समुद्रातून वर आलेलं. त्यावर छिन्नीनं नाव कोरलं होतं, प्रीतम. दिनानाथचा थोरला भाऊ. दोघांनी एकाच दिवशी सारखी इंजिनं घेतली होती. गेल्या पावसाळ्यात प्रीतम बोटीसकट बुडाला, प्रेतही मिळालं नाही.

दिनानाथनं इंजिन तिथंच खोललं. तेलामुळे आतला क्रँक शाबूत होता.

"भाऊ नाय गावला, क्रँक तरी गावला," असं म्हणून त्यानं तो फडक्यात गुंडाळला.

क्रँक चपखल बसला. बोटीवर पूजा मांडली, तेव्हा प्रीतमची बायको आनंदी किनाऱ्यावर आली. तिला सगळं कळलं होतं.

"भाऊजी, एकदा हात लावू द्या त्याला."

"वयनी, तू लांबच थांब," दिनानाथ नारळ सोलत म्हणाला. "नव्या कामाला विधवेचा हात नको."