पाण्यातला बाळकृष्ण

सुनेला पुन्हा दिवस गेले हे कळलं तेव्हा मला आनंद झाला नाही. खोटं कशाला लिहू. मागच्या खेपेला चौथ्या महिन्यात पोर गेलं होतं, आणि तेव्हापासून कर्वेनगरच्या आमच्या घरात हसायचीसुद्धा चोरी झाली होती. या वेळी मेघना बोलेनाशीच झाली. सारखी बाथरूममध्ये जाऊन डाग नाही ना, ते बघून यायची. तिच्या चेहऱ्यावरून मला कळायचं की अजून आहे. मी म्हणायचे, "अशा दिवसांत वाईट बोलू नये, रडू नये." ती मान हलवायची. मग ती तिच्या खोलीत गप्प, मी माझ्या.

मी देव पाण्यात घातले. मागितलेलं मिळेपर्यंत मूर्ती पाण्यात बुडवून ठेवायची, अशी आमच्याकडे रीत आहे. देव गुदमरला की ऐकतो म्हणे. देव्हाऱ्यातला रांगता बाळकृष्ण पातेलीत ठेवला, वर पाणी ओतलं, झाकण घातलं. मूल हातात आल्याशिवाय बाहेर काढणार नाही, असं त्याला बजावलं.

एका सकाळी मेघनाने बाथरूममधून नुसतं "आई" म्हटलं. मी समजले, डाग दिसला होता. मुलगा कामासाठी परगावी होता. रिक्षाने दवाखाना गाठला, सोनोग्राफीसाठी बाकावर बसून राहिलो. मी ओठ हलवत होते, पण ते नामस्मरण नव्हतं, भांडण होतं. तुला लहान पोरंच सापडतात का, असं चाललं होतं.

शेजारी चाळिशीची एक बाई होती. तिने मेघनाकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "आधीचं गेलंय का गं?"

"अहो बाई, काही वेळकाळ?" मी म्हटलं.

"आजी, तिला बोलू द्या. रडायला इथे नंबर लावावा लागत नाही."

आणि मेघना बोलली. "हेही जाणार. रोज वाटतं, आजच जाणार. आईंना सांगता येत नाही, त्या देव पाण्यात घालून बसल्यात." मग त्या परक्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून ती हमसून हमसून रडली. बाईने सगळं ठीक होईल, असं एकदाही म्हटलं नाही. म्हणाली, "वाटणारच. माझी दोन गेली. पण आईला भीती वाटली म्हणून पोर जात नाही, एवढं नक्की."

आत ठोके दिसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज आहेत. पुढचं आत्ता सांगता येणार नाही." बाहेर आलो तर बाक रिकामा होता. तिचं नावही विचारलं नव्हतं.

घरी येऊन मी बाळकृष्ण पाण्यातून काढला, पुसला, वाटीभर दूध ठेवलं. मेघना दारात उभी. "आई, अजून कुठे पार पडलंय? काढलात?"

"काढला. तो गुदमरला, आपण गुदमरलो, कुणाचं भलं झालं? आता भीती वाटली की मला सांगायची."

"आत्ताच वाटतेय."

"मग बस इथे."

पोर राहील की नाही, मला ठाऊक नाही. माझीही भीती गेलेली नाही. मागितलं ते अजून देवाच्या हातात आहे. पण सुनेने माझ्याजवळ तोंड उघडावं, हे मी मागितलंच नव्हतं, मला ते सुचलंही नव्हतं. ते त्याने एका परक्या बाईकडून दिलं. त्याच्यापुढे आता अट ठेवत नाही, नुसते हात जोडते. मेघना शेजारी बसून रडते, आणि मी तिला रडू देते.